टीएमसी मोजले, मीठ कोण मोजणार?

सांगली जिल्ह्यात पाण्याची चर्चा टीएमसीत होते. टेंभू उपसा योजनेचं आवर्तन कधी सुटणार, म्हैसाळचे पंप किती दिवस चालणार, ताकारीचं वीजबिल कुणी भरायचं, जतच्या पूर्व भागाला वाटा कधी मिळणार, हे सगळं इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं तेव्हा साऱ्या देशानं लिटरचा हिशेब केला. पाणी किती, हा प्रश्न आम्हाला चांगला विचारता येतो. त्यासाठी मोर्चे निघाले, परिषदा भरल्या, निवडणुका लढल्या गेल्या. पाणी कसं आहे, हा प्रश्न मात्र अजून ग्रामपंचायतीच्या टीसीएल या जंतुनाशक पावडरीच्या डब्याशीच अडकून पडलाय.

थोडं गणित करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार धरले, म्हणजे चांगलं गोडं पाणी धरलं, तरी एका टीएमसीबरोबर सात हजार टन क्षार शिवारात येतात. दहा टनी ट्रक धरले तर सातशे ट्रक. पाणी पिकातून आणि मातीतून हवेत उडून जातं. क्षार उडत नाहीत. पिकं त्यातला अगदी थोडा वाटा उचलतात आणि बाकीचा पावसाबरोबर ओढ्याला तरी जातो, नाही तर जमिनीतच राहतो. मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या मळीच्या रानांत तो राहिला. एकेकाळी ज्या रानात ऊस डोक्याच्या वर जायचा, तिथं आज उन्हाळ्यात पांढरा फुफाटा दिसतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळानं घडवला, तो निसर्गाचा भाग. आमचा खारपट्टा आम्ही स्वतः पाणी पाजून पाजून केला.

नदी आणि कालव्याच्या पाण्याची ही गत, तर विहीर-बोअरचं काय? भूजलात क्षार नदीच्या पाण्यापेक्षा साधारण जास्तच असतात, कारण ते पाणी खडकात आणि मातीत मुरत, थांबत आलेलं असतं. पुन्हा आपल्याकडे ते एका जागी थांबतही नाही. विहिरीतून उपसायचं, रानात सोडायचं, निम्मं-अधिक उडून जायचं, उरलेलं क्षार घेऊन पुन्हा मुरायचं आणि त्याच विहिरीला यायचं. दर फेरीला पाणी थोडं जड होतं. बेसाल्टच्या खडकात पाणी साठायला जागा कमी, वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि फटींत काय मावेल तेवढंच. म्हणून ही फेरी इथं लवकर पुरी होते. वीस वर्षांपूर्वी विहिरीचं पाणी चांगलं होतं, हे म्हातारी माणसं सांगतात ते उगाच नाही.

आता खरा घोळ इथं आहे. पाणी तपासून आणलं की कागदावर एक शब्द येतो: योग्य. कशाला योग्य? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण विरघळलेल्या क्षारांना लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा देतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमचं पाणी माणसानं बिनघोर प्यावं. आता तेच पाणी ऊसाला द्या. वर्षभरात सारं मिळून दीड मीटर उंचीचं पाणी दिलं असं धरू. पाटानं मोकळं पाजणारे याहून जास्तच देतात. एकराला साठ लाख लिटर होतात. गुणाकार केला तर एका वर्षात, एका एकरात तीन टन क्षार. निचरा चांगला असेल तर पावसाळा त्यातले बरेच धुऊन नेतो. निचरा नसलेल्या मळीत दहा वर्षांनी काय होईल हे सांगायला कृषी विद्यापीठाची गरज नाही. घरात ज्या पाण्याला शंभर पैकी शंभर, तेच पाणी रानाला हळूहळू मारू शकतं.

उलटही होतं, आणि ते जास्त बोचणारं आहे. नायट्रेटची पिण्यातली मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. इथं मानक जराही सूट देत नाही, दुसरं पाणी नसलं तरी नाही. कारण बाटलीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद नायट्रेटमुळे कमी होते आणि बाळ निळं पडतं. समजा एखाद्या विहिरीत ८० मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. पिण्याला अयोग्य, विषय संपला, विहिरीवर लाल रंगाचा पट्टा मारला. पण शेतकऱ्याच्या नजरेनं तोच आकडा वाचा. ८० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम नत्र. साठ लाख लिटर पाण्याबरोबर एकरात १०८ किलो नत्र येतं. सुरू हंगामातल्या ऊसाला शिफारसच हेक्टरी २५० किलोची, म्हणजे एकरी शंभर किलोची आहे! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र भरतं जेमतेम २१ किलो, म्हणजे पाच गोण्या खत विहिरीतूनच येतंय. ते सगळं पिकाला लागू पडत नाही, विहिरीखेरीज पाऊस आणि कालवाही असतो, म्हणून निम्मं धरा, त्याहून कमी धरा. तरी दोन गोण्या वाचतात. आणि आम्ही काय करतो? अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवतो, आणि त्याच विहिरीच्या पाण्यावर वरून शिफारशीच्या दीडपट युरिया टाकतो. तो पुन्हा खाली जातो. पुन्हा नळाला येतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पिण्याचं पाणी आणि शेतीचं पाणी वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या फायलींत तपासण्याची पद्धतच चुकीची आहे. एकाच भूजलाला दोन प्रश्न विचारायचे आणि दोन्ही उत्तरं एकाच कागदावर, एकाच गावासमोर ठेवायची. आज पहिला प्रश्न अर्धवट विचारला जातो आणि दुसरा विचारलाच जात नाही.

पहिला अर्धवट कसा, ते पाहा. सार्वजनिक स्रोतांचे नमुने जलसुरक्षक घेतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा ते तपासतात. स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ही व्यवस्था वाईट नाही, कित्येक राज्यांना हेवा वाटावा अशी आहे. पण तिच्या नजरेत फक्त गावची विहीर आणि गावचा नळ. या जिल्ह्यात निम्मं गाव मळ्यात राहतं. वस्तीवरच्या घरात पाणी येतं ते स्वतःच्या विहिरीचं किंवा बोअरचं, आणि त्या विहिरीच्या तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला गोठा आणि उकिरडा. नायट्रेट सगळ्यात जास्त असण्याची शक्यता जिथं, तिथंच तपासणी नाही. खासगी विहीर, मालकाची मर्जी. मालक पाणी चाखून बघतो. नायट्रेटला चव नसते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. फिरत्या विक्रेत्याच्या टीडीएस मीटरलाही ते वेगळं दिसत नाही, तो मीटर सगळे क्षार मिळून एकच आकडा सांगतो आणि शेवटी मशीन विकतो.

त्यातच नमुना घेण्याची तऱ्हा. बंद बोअर सुरू करून पहिल्याच धारेची बाटली भरायची, ही सर्रास पाहायला मिळणारी गोष्ट. पाईपात उभं राहिलेलं पाणी म्हणजे भूजल नव्हे. दहा-पंधरा मिनिटं उपसा झाल्यावर नमुना घ्यायला हवा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली हवी, पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारणारं रसायन आधीच बाटलीत हवं, नाहीतर टीसीएल टाकलेल्या टाकीचा नमुना रस्ताभर स्वतःला शुद्ध करत प्रयोगशाळेत पोचतो. आणि तारीख! मे महिन्यात पातळी खाली गेलेली, क्षार दाटलेले. पावसाळ्यानंतर क्षार पातळ होतात, पण रानातला युरिया धुऊन खाली गेल्यानं नायट्रेट कित्येकदा वाढलेलं सापडतं. एकाच हंगामाचा नमुना घेऊन वर्षाचा निकाल लावणं म्हणजे एका गल्लीत फिरून अख्ख्या गावाचं मतदान सांगण्यासारखं.

अलीकडे आणखी एक फॅशन आलीय, पाणी गुणवत्ता निर्देशांकाची. दहा-बारा घटकांची सरासरी काढायची आणि एक आकडा द्यायचा. ५०च्या खाली उत्तम, ५० ते १०० चांगलं. संशोधनासाठी, नकाशा रंगवण्यासाठी ठीक आहे. गावाला निकाल देण्यासाठी तो धोक्याचा आहे. साधं उदाहरण घ्या. दहा घटक, सगळ्यांना सारखं वजन. नऊ घटक मर्यादेच्या निम्म्यावर, नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट. सरासरी येते ६५. पाणी चांगलं! वजनं बदलली की आकडा बदलेल, पण खोट तीच राहते. गणितात नापास झालेल्या पोराला मराठीचे गुण देऊन पास करता येत असेल, पाण्याला येत नाही. पिण्याच्या पाण्याचा निकाल त्यातल्या सगळ्यात वाईट घटकावर लागायला हवा.

शेतीच्या पाण्याचं गणित वेगळं, आणि आमच्या मातीसाठी तर खूपच वेगळं. प्रयोगशाळेचा कागद येतो तेव्हा त्यावर विद्युत वाहकता असते (पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त), सोडियमचं शोषण गुणोत्तर असतं, आरएससी म्हणजे शिल्लक सोडियम कार्बोनेट असतं, आणि शेवटी 'सी-३ एस-१' असा शिक्का, म्हणजे क्षार जास्त, सोडियमचा धोका कमी. ही वर्गवारी अमेरिकेच्या लवणता प्रयोगशाळेनं १९५४ साली दिली. सत्तर वर्षांनी ती जगभर वापरतात, आम्हीही वापरतो. पण आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात चिकणमाती निम्म्याच्या आसपास. अशा मातीत सोडियम शिरला की कण विखुरतात, भोकं बुजतात आणि पाणी वरच उभं राहतं. शेतकरी म्हणतो रान चोपण झालं. आरएससीचा अर्थही हाच: पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते जमिनीतल्या कॅल्शियमला धरून चुनखडी करून बसवतं, आणि मागं सोडियमला मोकळं रान मिळतं. लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत निर्धास्त, २.५ च्या वर टाळावं, असा ढोबळ नियम. हलक्या मुरमाड माळावर जे पाणी वर्षानुवर्षं चालून जातं, तेच पाणी मळीच्या रानात पाच-सात वर्षांत काम दाखवतं. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं म्हणूनच चिकणमातीचं प्रमाण आणि पाऊस बघून वेगवेगळ्या मर्यादा सुचवल्यात. आमच्याकडच्या कागदावर मातीचा उल्लेखसुद्धा नसतो. कुठल्या रानाला, कुठल्या पिकाला, निचरा कसा, काही नाही. शिक्का तेवढा असतो.

द्राक्षवाल्यांना यातलं सगळं कळतं, हे मात्र मान्य करायला हवं. तासगाव, कवठेमहांकाळकडचा बागायतदार छाटणीआधी माती-पाणी तपासतो, देठ परीक्षण करतो, क्लोराईड वाढलं तर पानांच्या कडा करपायच्या आधी उपाय करतो. खारट पाण्यासाठी डॉगरीजचा खुंट लावायला आमच्या लोकांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. द्राक्षाला मातीतली वाहकता १.५ डेसिसिमेन्सच्या पुढं गेली की उत्पादन घटू लागतं आणि घट थेट खिशाला लागते, म्हणून शहाणपण आलं. ऊसाचीही मर्यादा फार वेगळी नाही, १.७ आहे. तरी ऊसवाला पाणी तपासत नाही, कारण ऊस तक्रार न करता कमी कमी होत जातो. साठ टनांचा पन्नास, पन्नासाचा चाळीस. आणि गंमत बघा, ज्या बागायतदाराकडे बागेच्या पाण्याचे पाच वर्षांचे अहवाल फायलीला लावलेले असतात, त्याला घरच्या माठातल्या पाण्यातलं नायट्रेट विचारा. घरी जार येतो, असं उत्तर येईल.

खरं तर यात न्यायाचाही प्रश्न आहे, आणि तो या जिल्ह्याला परका नाही. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली आणि समन्यायी पाणीवाटपाची भाषा महाराष्ट्राला शिकवली. ती भाषा वाट्याची होती, घनमीटरची होती, आणि तिनं माणखोऱ्यात कृष्णेचं पाणी आणलं. आता पुढचा हिशेब करायची वेळ आहे. वरच्या अंगाचा शेतकरी जादा पाणी पाजतो, ते झिरपून खालच्या रानात येतं, आणि मीठ फुटतं खालच्या भावकीच्या बांधाआत. ज्याचं रान गेलं त्यानं चूक केलेली नसते. ओढे-ओघळी नांगरून बुजवलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला जायला वाट नाही. मग खालच्यानं कर्ज काढून निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालायचे. आटपाडी, जतला पाणी आत्ता कुठं पोचतंय. तिथं माळ जास्त, निचरा बरा, पण सखल भागातली काळी रानं तिथंही आहेत. वाळव्याला जे चाळीस वर्षांत झालं ते तिथं व्हायच्या आधी विहिरींची वाहकता लिहून ठेवायला सुरुवात करायची, की नंतर पाईप घालायला अनुदान मागायचं?

विरोधात काय बोललं जाईल ते ठाऊक आहे. कागदावर खारं पाणी आलं की जमिनीचा भाव पडेल, सोसायटीचं कर्ज अडेल, असं लोक म्हणतील. खोटं नाही ते. पण पांढरं पडलेलं रान गिऱ्हाईकाला कागदाशिवायही दिसतं. आकडा लवकर कळला तर भाव पडायच्या आत काही करता येतं. दुसरं म्हणतील, नदीचं पाणी नळानं येतंय, विहिरीचं कौतुक कशाला. २००५, २०१९, २०२१ च्या पुरांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे, तेव्हा माणसं बोअरकडेच धावली. उपसा योजना वीजबिलापायी बंद पडतात तेव्हाही विहीरच कामाला येते. तिसरं, आणि मला पटणारं: यात पुन्हा शेतकऱ्यालाच आरोपी करणार का? नाही. गोठ्यापेक्षा गावाच्या शोषखड्ड्यांतून आणि उघड्या गटारांतून येणारं नायट्रेट काही थोडं नसतं, आणि साखर कारखान्यांचं मळीमिश्रित सांडपाणी ओढ्याला मिळतं तिथं तर बोलायलाच नको. म्हणून तर तपासणी गावठाणात, वस्तीवर आणि रानात, तिन्हीकडे हवी. दोष कुणाचा ते आकड्यावरून ठरू दे.

कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर खोदायला बंदी घातली, ती १९९३ सालापासून. ती पाणी पळवलं जाऊ नये म्हणून. त्याच ५०० मीटरच्या आत कुणी किती खत टाकतो, उकिरडा कुठं आहे, याची नोंद ठेवायला काय हरकत आहे? आधी बंदी नको, नोंद पुरे. २०१५ पासून मातीची आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा घटक आहेत, आणि पाण्याचा एकही नाही. अटल भूजल योजनेत सांगली जिल्हा होता, गावोगाव पाण्याचे ताळेबंद झाले. त्या ताळेबंदात जमा आणि खर्च लिटरमध्ये आहे. त्याच तक्त्याला वाहकता, नायट्रेट आणि आरएससी असे तीन रकाने जोडले तर नवं खातं काढावं लागत नाही.

माणसंही आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना तपासणी संच देऊन शिकवलंय. त्या संचानं सोडियम कळत नाही, पण नायट्रेटचा अंदाज येतो, आणि वस्तीवरच्या विहिरींसाठी सुरुवातीला तेवढं खूप आहे. ज्या विहिरीत रंग गडद आला तिचाच नमुना पुढं प्रयोगशाळेत पाठवायचा. सहकारी साखर कारखान्यांकडे ऊसविकास विभाग आहे, कित्येकांकडे स्वतःची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, गटागटाला कृषी सहायक फिरतात. दरवर्षी प्रत्येक प्लॉटची ऊसनोंद होतेच. त्या नोंदीच्या अर्जात लागणीची तारीख आणि जात लिहितात, तिथंच विहिरीच्या पाण्याची वाहकता आणि नायट्रेट लिहून घेतलं तर कारखान्याला दर तीन वर्षांनी आपल्या कार्यक्षेत्रातलं पाणी कुठं बिघडतंय याचा नकाशा आपोआप मिळेल. ज्या कारखान्याला पंधरा वर्षांनी ऊस हवाय, त्यानं हा खर्च सभासदाकडून मागू नये.

आणि १ मेच्या ग्रामसभेत, जिथं आज टँकर आणि घरकुलाच्या याद्या वाचल्या जातात, उन्हाळी नमुन्यांचा तक्ता मोठ्यानं वाचला जावा. २ ऑक्टोबरला पावसाळ्यानंतरचा. विहिरीचं नाव, पिण्याला कशी, कुठल्या रानाला कशी, युरिया किती गोण्या कमी चालेल. शेवटचा रकाना असेल तर लोक ऐकायला थांबतील.